सार्वजनिक स्मारकांची छायाचित्रे छापण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिनदर्शिका, भेटकार्डे, भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रती आणि छायाचित्रांची पुस्तके छापून घेण्यासाठी आमच्याकडे जी चित्रे येतात, त्यांतल्या बऱ्याच चित्रांत एखादा पुतळा, मनोरा किंवा स्मारक असते. अशा वेळी आम्ही काही प्रश्न विचारतो आणि ते काही जणांना खटकतात. ‘फोटो मी काढला, भर रस्त्यात उभे राहून काढला, मग परवानगी कोणाची घ्यायची?’ हे म्हणणे रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे.

छायाचित्र तुम्ही काढले असेल, तर त्या छायाचित्राचा कॉपीराइट, म्हणजेच स्वामित्वहक्क, सर्वसाधारणपणे तुमचाच असतो. मात्र त्यात दिसणारा पुतळा कोणा शिल्पकाराने घडवलेला असतो, इमारतीचा आराखडा कोणा वास्तुरचनाकाराने केलेला असतो आणि त्या कलाकृतीवर त्यांचा वेगळा हक्क असू शकतो. पुतळा सरकारने पैसे देऊन चौकात बसवला, एवढ्यावरून शिल्पकाराचा हक्क संपत नाही. पुतळ्याची मालकी एकाकडे आणि त्याच्या प्रतिकृती काढण्याचा हक्क दुसऱ्याकडे असू शकतो. आमच्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतो.

हा हक्क कायमचा नसतो. युरोपीय संघातील देशांत तो कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, तर भारतात ६० वर्षे टिकतो. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीच्या वास्तूंवर कॉपीराइटचा प्रश्नच उरत नाही. अर्थात काही देशांत पुरातन वास्तूंसाठी निराळे कायदे आहेत. इटलीत सांस्कृतिक वारशाच्या कायद्यानुसार सरकारी ताब्यातील कलाकृतींच्या चित्रांचा व्यापारी वापर करायचा असेल, तर परवानगी घ्यावी लागते आणि शुल्कही भरावे लागते. हा कॉपीराइट नव्हे, पण छापणाऱ्याच्या खिशाला बसणारी झळ सारखीच.

मुदत मोजताना पुतळ्याचे वय पाहू नये, कलाकाराच्या निधनाचे वर्ष पाहावे. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरील ‘लिटल मर्मेड’ हा पुतळा १९१३ साली बसवला गेला. शंभर वर्षे उलटून गेल्यामुळे तो मुक्त असेल, असे कोणालाही वाटेल. पण शिल्पकार एडवर्ड एरिक्सन १९५९ मध्ये वारले, म्हणून त्यावरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत चालू राहतो. डेन्मार्कमध्ये इमारतींची छायाचित्रे मोकळेपणाने वापरता येतात; मात्र पुतळाच चित्राचा मुख्य विषय असेल आणि वापर व्यापारी असेल, तर हक्कधारकाची संमती लागते.

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या कलाकृतींचे चित्र विनापरवानगी वापरण्याची जी मुभा अनेक कायद्यांत आहे, तिला ‘फ्रीडम ऑफ पॅनोरामा’ म्हणतात. आपण तिला दृश्यस्वातंत्र्य म्हणू. अडचण अशी, की ही मुभा प्रत्येक देशात वेगळ्या मापाची आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या आणि भारताच्या १९५७ च्या कायद्यात इमारती आणि सार्वजनिक जागी कायमची बसवलेली शिल्पे या दोहोंची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करता येतात; भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ही सवलत दोन्हीकडे लागू नाही. अमेरिकेत सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारती मोकळ्या आहेत, पुतळे नाहीत. फ्रान्सने २०१६ मध्ये मुभा दिली, पण ती फक्त व्यक्तींना आणि बिगरव्यापारी वापरापुरती.

जर्मनीत मुभा बरीच मोठी आहे, तरी तिच्याही कडा धारदार आहेत. ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकारांनी १९९५ मध्ये बर्लिनची राइशस्टाग ही संसदेची वास्तू कापडाने गुंडाळली होती. ती कलाकृती काही दिवसांसाठीच होती, ‘कायम’ नव्हती, म्हणून तिची भेटकार्डे विनापरवानगी विकता येणार नाहीत, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००२ मध्ये दिला. त्याच न्यायालयाने २००३ मध्ये व्हिएन्नातील हुंडर्टवासर-हाउस या इमारतीबाबत सांगितले, की समोरच्या खासगी सदनिकेतून टिपलेले दृश्य हे रस्त्यावरून दिसणारे दृश्य नव्हे. पुढे २०२४ मध्ये ड्रोनने वरून घेतलेली छायाचित्रेही या मुभेत बसत नाहीत, असा निकाल आला. ड्रोनची चित्रे हल्ली आमच्याकडेही येऊ लागली आहेत, म्हणून हा निकाल ग्राहकांनी विशेष ध्यानात ठेवावा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एका ग्राहकाने विक्रीसाठी दिनदर्शिका छापायला दिली होती. बारा महिन्यांची बारा चित्रे, आणि डिसेंबरच्या पानावर रात्री उजळलेला आयफेल टॉवर. मनोऱ्याचे हक्क केव्हाच संपले आहेत, कारण गुस्ताव आयफेल १९२३ मध्ये वारले. दिवसाचे छायाचित्र कोणीही छापावे. रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाते. मनोऱ्यावरील १९८९ च्या विशेष रोषणाईला असे संरक्षण असल्याचे फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले आणि आजही रात्रीच्या दृश्याच्या व्यावसायिक वापरासाठी मनोऱ्याच्या व्यवस्थापनाची परवानगी मागितली जाते. त्या ग्राहकाकडे त्याच सहलीतले, पहाटेच्या उजेडातले दुसरे चित्र होते. आम्ही ते लावले आणि पान अधिकच खुलले.

छायाचित्रकाराला पैसे दिले म्हणजे सर्व परवानग्या मिळाल्या, असेही समजू नये. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१० मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्याचे तिकीट काढले. छायाचित्र रीतसर शुल्क भरून एका चित्रसंग्रहातून घेतले होते. मात्र तो चेहरा न्यूयॉर्कच्या मूळ पुतळ्याचा नव्हता, लास वेगासमधील आधुनिक प्रतिकृतीचा होता. मूळ शिल्पकार बार्थोल्डी १९०४ मध्ये वारले, तेव्हा मूळ पुतळा निर्धोक होता. प्रतिकृतीचे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी मात्र दावा लावला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना सुमारे ३५ लाख डॉलर भरपाई दिली. या प्रकरणात आम्हाला शिल्पकाराची बाजू पटते, कारण त्याने चेहऱ्यात जे वेगळेपण आणले होते, नेमके तेच तिकिटावर आले होते.

छपाई नको, फक्त इंटरनेटवर टाकायचे आहे, असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. इंटरनेटवर टाकणे हे कायद्याच्या दृष्टीने लोकांपर्यंत पोहोचवणेच आहे. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले, की सार्वजनिक कलाकृतींचे चित्रण करण्याची तिथली मुभा अशी चित्रे सर्वांसाठी खुल्या संग्रहात इंटरनेटवर ठेवण्यापर्यंत जात नाही. दुसरीकडे, कलाकृती चित्रात केवळ ओघाने आलेली असेल, तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. फ्रान्समधील लियों शहराच्या एका चौकाची नव्याने रचना करणाऱ्या कलाकारांनी भेटकार्डांविरुद्ध केलेला दावा २००५ मध्ये याच कारणाने फेटाळला गेला. कार्डावर संपूर्ण चौक होता आणि त्यांची रचना त्याचा एक भाग म्हणून आली होती. सहलीच्या चित्रात आजीच्या मागे पुतळा दिसतो, तेव्हा त्या चित्राचा विषय आजी असते.

म्हणून मागणी नोंदवताना कृपया एवढे लिहून द्यावे : चित्रातील स्मारक कोणत्या देशात आहे, ते कोणी घडवले आणि ती व्यक्ती हयात आहे का, चित्र कोणी, कोठे उभे राहून काढले, आणि छापलेल्या प्रती घरासाठी आहेत की विक्री वा जाहिरातीसाठी. घरच्या अल्बमसाठी एखादी प्रत हवी असेल, तर आम्ही सहसा अडवत नाही. विक्रीच्या प्रतींबाबत शंका राहिली, तर हक्कधारकाचे लेखी संमतिपत्र मिळेपर्यंत ते एक पान बाजूला ठेवून उरलेले काम पुढे नेऊ. संमती मागणारे पत्र लिहायला आम्ही मदत करतो. त्यात चित्राची छोटी प्रत, प्रतींची संख्या आणि विक्री कोणत्या देशांत होणार, हे स्पष्ट लिहावे.