मुक्त संचारी अंतराळ रोबॉट : दिक्चालन आणि नियंत्रण

अंतराळात कशालाही न जखडता, तरंगत काम करणारा रोबॉट. स्थानकाला पक्क्या बसवलेल्या यांत्रिक हाताहून याची अडचण मुळातच वेगळी आहे : याला पाय रोवायला जागा नसते. हात पुढे केला की संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार धड मागे सरकते, शिवाय वळतेही, आणि हाताशी आलेली वस्तू निसटते. जमिनीवरच्या रोबॉटचा पंजा कुठे आहे हे सांध्यांच्या कोनांवरून लगेच सांगता येते. इथे ते कोन कोणत्या क्रमाने बदलले तेही पाहावे लागते. या विषयाचे खरे सौंदर्य या गुंत्यातच आहे. १९८०च्या दशकात योजी उमेतानी आणि काझुया योशिदा या जपानी संशोधकांनी धडाची प्रतिक्रिया हाताच्या गणितातच सामावून घेणारे व्यापक जेकोबियन सारणीचे (सांध्यांच्या वेगांवरून पंजाचा वेग काढून देणाऱ्या गणिती कोष्टकाचे) सूत्र मांडले. धड स्थिर धरायला वायूचा झोत सोडणाऱ्या झोतनळ्या वापरता येतात, पण त्यात इंधन जाते. म्हणून पुष्कळदा धडाला मोकळे सोडून हाताचाच मार्ग बेतून आखतात.

जपानने २८ नोव्हेंबर १९९७ रोजी सोडलेल्या ईटीएस-७ या उपग्रहावर असा २ मीटर लांबीचा हात होता. या उपग्रहाच्या दोन भागांची नावे हिकोबोशी आणि ओरिहिमे, म्हणजे आपले श्रवण आणि अभिजित हे तारे. ७ जुलै १९९८ रोजी, त्या ताऱ्यांच्या भेटीच्या जपानी सणाच्याच दिवशी, वेगळे केलेले हे भाग आपोआप पुन्हा जोडले गेले. भारताच्या स्पेडेक्स या अंतराळातील जोडणीच्या चाचणी मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी जोडले गेले. त्यांना हात नव्हते, पण सापेक्ष अंतर आणि वेग अचूक राखण्याचा प्रश्न तोच.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०१९पासून नासाचे ॲस्ट्रोबी रोबॉट वावरतात. प्रत्येक सुमारे ३२ सेंटिमीटर बाजूचा घन. स्थानकात हवा असल्याने ते पंख्याने ती ओढून झोतनळ्यांतून सोडतात आणि पुढे सरकतात. स्थानकाच्या आत जीपीएसचा उपयोग नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणा आधी तयार केलेल्या नकाशाशी ताडून, जडत्वमापकाच्या (वेगातील व वळण्यातील बदल टिपणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींची जोड देत, रोबॉट आपली जागा ठरवतो. भिंतीसमोर सामानाच्या पिशव्या रचल्या किंवा दिव्यांचा प्रकाश बदलला की ओळखीच्या खुणा हरवतात आणि अंदाज चुकू लागतो. एका जागी बराच वेळ थांबायचे असेल, तर ॲस्ट्रोबी आपल्या छोट्या हाताने भिंतीवरचा कठडा धरतो आणि पंखे बंद करतो.