केशरोपण (पुरुषी टक्कल)

डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातील केस मुळांसह काढून टकलावर लावण्याची शस्त्रक्रिया. पुरुषी टकलात कपाळालगतची व टाळूवरची केशमुळे डीएचटी या संप्रेरकाच्या प्रभावाने बारीक होत जातात. मागची बहुधा टिकतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. जर्मन शल्यचिकित्सक डीफेनबाख यांनी १८२२ च्या सुमारास जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे केस रोवण्याचे प्रयोग केले म्हणून काहीजण आरंभ तिथे धरतात. मात्र त्यांतून उपचारपद्धती उभी राहिली नाही. जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये गोल पंचाने (नळीसारख्या धारदार अवजाराने) केसांसह कातडीचे तुकडे काढून व्रणांच्या जागी बसवल्याचे प्रसिद्ध केले. हाजिमे तामुरा यांनी १९४३ मध्ये एकेका केसाची कलमे वापरली. युद्धकाळातले हे लेख पश्चिमेत बराच काळ अज्ञात राहिले. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी टकलावर कलमे लावून १९५९ मध्ये दाखवले, की केस मूळ जागेचा स्वभाव नव्या जागीही राखतो. पंचाचे अग्रत्व ओकुडांकडे आणि टकलावरील उपचाराचे ऑरेंट्राइककडे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सुरुवातीची कलमे सुमारे ४ मिमी. रुंद असत, त्यामुळे केस बाहुलीच्या डोक्यासारखे झुपक्यांनी दिसत. आता एक ते चार केसांचे नैसर्गिक गुच्छ लावतात. ते मिळवण्यासाठी कातडीची पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सोडवतात (एफयूटी, रेघेसारखा व्रण राहतो) किंवा सुमारे १ मिमी.च्या पंचाने एकेक उचलतात (एफयूई; ठिपक्यांसारखे व्रण राहतात). शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. कपाळावरच्या पहिल्या ओळींत एककेसी कलमे हवीत. कलम बसवण्यासाठी कातडीत पाडलेल्या फटीचा कोन चुकला तर दाट केसही खोटे दिसतात.

लावलेले केस बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात. निकाल वर्षाअखेरीस जोखावा. मागचे केस हे मर्यादित भांडवल आहे आणि मूळची गळती चालूच राहते. म्हणून विशीच्या आरंभी, लग्न ठरायच्या घाईत कपाळाची रेषा खाली आणून घेणे घातक: पुढे मधला भाग उघडा पडतो आणि भरायला केस उरत नाहीत. मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड या औषधांचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी व्हावा.

इंदूरमध्ये ही शस्त्रक्रिया मुख्यतः खाजगी दवाखान्यांत होते. तिथल्या मराठी बोलण्यातही ‘हेअर ट्रान्सप्लांट’ हाच शब्द चालतो. यूट्यूब वा कार्यशाळा पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.