चेष्टा करायलास काय बे? हसवणाऱ्यांच्या नावांची उकल

सोलापुरात कुणी ‘चेष्टा करायलास काय बे?’ म्हटलं, की विषय थट्टेचा असतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात मात्र ‘चेष्टलु’ म्हणजे चाळे, तेही बहुधा वेडगळ. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘चेष्टे’ म्हणजे खोडी आणि हिंदीत तर ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न! मूळ शब्द संस्कृत, अर्थ साधा: हालचाल. मराठीत हालचालीवरून चाळे आणि चाळ्यांवरून थट्टा असा तो सरकत आला.

‘तमाशा’ची गंमत याहून मोठी. अरबीतलं फिरणं फारसीत ‘फिरून बघण्याजोगा देखावा’ झालं. मराठीत त्याचं लोकनाट्य झालं आणि चारचौघांतली शोभाही झाली. कन्नडमध्ये ‘तमाशे’ म्हणजे नुसती थट्टा. त्यामुळे ‘तमाशे माडबेड’ हे ‘थट्टा करू नको’ इतकं साधं वाक्य मराठी कानाला ‘तमाशा करू नको’ असं ऐकू येतं आणि समोरचा उगाच फुगून बसतो.

आता माणसांकडे वळू. मस्कऱ्या हा अरबी ‘मस्खरा’चा वंशज, तोच हिंदीतला मसखरा. वाटेत मराठीने ‘ख’चा ‘क’ केला. संस्कृतात ‘मस्करिन्’ असा शब्द आहे म्हणून मस्करीचं मूळ तिथे शोधायचा मोह होतो, पण तो मस्करी म्हणजे भटका संन्यासी. पाणिनीच्या व्याकरणात त्याचा उल्लेख आहे आणि त्याचा हसण्याशी काही संबंध नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती जुळवली की अशी फसगत होते.

हा शब्द टाइप करतानाही हमखास घोळ होतो. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ दिला की संगणक रफार चढवतो: ‘मस्कर्या’. त्याचा उच्चार मस्-कर्-या होतो, म्हणजे र् मागच्या ‘क’ला चिकटतो आणि ‘क’वर आघात येतो. आपण म्हणतो मस्-क-ऱ्या. त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘या’. फरक किरकोळ वाटत असेल तर दर्या आणि दऱ्या शेजारी ठेवून बघा: एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या.

माणूस हसवतो एवढंच ही नावं सांगत नाहीत. ऐकणारा त्याच्यावर खूश आहे की वैतागलाय, हे शेवटच्या प्रत्ययातून कळतं. ‘खोर’ फारसी, मूळ अर्थ खाणारा. आकारान्त स्त्रीलिंगी नाम घ्या, त्याचं सामान्यरूप करा, पुढे ‘खोर’ जोडा: थट्टा, थट्टे, थट्टेखोर. चेष्टेखोरही तसाच. पण ‘विनोदखोर’ होत नाही. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर बघा: ज्या सवयीचा लोकांना जाच होतो, तिलाच ‘खोर’ लागतो. विनोदाला ‘वीर’ किंवा ‘कार’ लागतो, म्हणजे टाळ्या आणि बिदागी! ‘खुशमस्कऱ्या’ तर इतका घसरला, की त्यात हसवणं नावापुरतं उरलं आणि हांजी हांजी तेवढी राहिली.

बायकांच्या बाबतीत मराठीची पंचाईतच आहे. भटक्याचं स्त्रीलिंग भटकी, तसं मस्कऱ्याचं करायला गेलं तर मस्करी, आणि ते तर थट्टेचंच नाव! म्हणून चेष्टेखोर किंवा मिश्कील यांवर काम भागतं. ते दोन्ही लिंगांत सारखेच राहतात. तमाशातली हसवणारी ‘मावशी’सुद्धा पुरुषच.

पेशाची नावं वेगळी. सोंगाड्या सोंगावरून, बहुरूपी रूपांवरून. दोन्हींत वेष आधी, हसू नंतर. विदूषकात ‘दुष्’ धातू आहे, म्हणजे नावं ठेवणारा, खोड काढणारा. संस्कृत नाटकात तो जातीने ब्राह्मण आणि राजाचा मित्र, तरी बोलतो प्राकृत. नाट्यशास्त्रात हसण्याचेही सहा प्रकार मोजले आहेत, दात न दिसणाऱ्या स्मितापासून अतिहसितापर्यंत. प्रतिष्ठित पात्रांच्या वाट्याला फक्त पहिले दोन!

जोकर सगळ्यांत उशिरा आला. 1860 च्या दशकात अमेरिकेत युकर नावाच्या खेळासाठी पत्त्यांच्या जोडात एक जादा हुकूम घातला गेला, तोच हा. इंग्रजीत सर्कशीतल्या विदूषकाला ‘क्लाउन’ म्हणतात. आपल्याकडे तंबूतलाही जोकर आणि रमीतलाही जोकर. रमीत तो कुठल्याही पानाच्या जागी बसतो, म्हणजे खरं तर बहुरूपीच.