दुधाची दाढ काढण्यापूर्वी

किडलेल्या दाढेने रात्रभर रडवलेल्या मुलाला दवाखान्यात आणल्यावर "दुधाचीच आहे, पडणारच आहे, काढून टाका" असे पालक सहज म्हणतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा साधारण 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि तोवर खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा त्याच राखतात. पाचव्या वर्षी अशी दाढ काढली, तर मागची दाढ हळूहळू पुढे सरकते आणि नवा दात अडकतो किंवा वाकडा येतो. म्हणून दाढ काढावीच लागली, तर रिकाम्या जागी बहुधा तारेची कडी, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवतात.

आपोआप पडलेला दात कौलावर फेकण्यापूर्वी उलटा करून पाहावा. त्याला मूळ जवळजवळ नसतेच. ते तुटून हिरडीत राहिलेले नसते. खालचा दात वर येत असताना शरीरातील विशिष्ट पेशींनी ते विरघळवलेले असते. मुळाशी पू झाला, दाढ भरण्यापलीकडे किडली किंवा मागे नवा दात येऊनही दुधाचा दात हलेना, तर मात्र तो काढणे योग्य ठरते. जागा बधीर करून दात काढल्यावर दुखण्यापेक्षा वेगळाच धोका असतो: जाणीव नसलेला ओठ मूल गंमत म्हणून चावत बसते आणि संध्याकाळी तो सुजतो. बधिरपणा उतरेपर्यंत त्याला काही चावायला देऊ नये.

दिवाळीनंतर कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळे सुरू झाली, की मुलांच्या हाती गुळाचा खडा आणि ताटात काकवी येतेच. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. जेवणासोबत एकदा खाल्लेल्या गुळापेक्षा दिवसभर चघळलेला छोटा खडा अधिक घातक असतो, कारण प्रत्येक वेळी जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते निवळायला लाळेला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास कोणताही दात न पडता सर्वांत मागे एक दाढ उगवते आणि दुधाची समजून दुर्लक्षित राहते. मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजावेत. सहावा लागला, तर तो कायमचा.