गेटवेचा दगड पिवळा, पण पोटात काय?

मुंबईचा दगड म्हटला की डोळ्यांसमोर काळाच येतो. सह्याद्रीचे कडे काळे, किल्ल्यांचे बुरूज काळे, जुन्या इमारतींची जोतीसुद्धा काळी. मग अपोलो बंदरावरचा गेटवे ऑफ इंडिया मधाच्या रंगाचा कसा? दगड काही परमुलखातून आणलेला नाही. तो मालाडजवळच्या खारोडीचा. जाळ्या तेवढ्या ग्वाल्हेरच्या.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर साचले. त्यातून झालेल्या बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियमची गडद खनिजं भरपूर, म्हणून तो काळा. मुंबईच्या पट्ट्यात मात्र जास्त सिलिका (वाळूत असते ते द्रव्य) असलेला लाव्हाही बाहेर आला. पुस्तकांत गेटवेच्या दगडाला ‘पिवळा बेसॉल्ट’ म्हणतात खरं, पण मालाडकडच्या पिवळट दगडाला भूशास्त्रज्ञ ट्रॅकाइटच्या, म्हणजे अशा लाव्हापासून झालेल्या फिक्या दगडाच्या गटात बसवतात. गडद खनिजं कमी, त्यामुळे मूळचा रंग फिका. असलेल्या लोहाला हवा-पाणी लागलं की त्यावर पिवळी झाक चढते. एलिफंटाच्या लाँचची वाट बघताना कमानीच्या बुडाशी निरखून पाहा. शेजारशेजारच्या दोन चिऱ्यांचा रंगही तंतोतंत जुळत नाही. पलीकडच्या म्युझियमलाही, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही, मालाडचा दगड आहे, आणि दोन्ही इमारतींचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट.

त्यानं कमानी घेतल्या सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वळणाच्या. गंमत म्हणजे ज्याच्या आगमनासाठी हा सगळा घाट, तो ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज 1911 साली आला तेव्हा त्याला दाखवायला पुठ्ठ्याची प्रतिकृतीच होती. कोनशिला 1913 ची, आराखडा मंजूर झाला 1914 साली, समुद्रातला भराव 1919 पर्यंत चालला आणि उद्घाटन व्हायला 4 डिसेंबर 1924 उजाडला.

खरी गोष्ट त्या भरावापाशी सुरू होते. उंची 26 मीटर, मधल्या घुमटाचा व्यास 15 मीटर, आणि एवढा बोजा पेलायचा ताज्या भरावावर. नुसत्या दगडी पायाचं ते काम नव्हे. पायात काँक्रीटचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकले गेले. पुढे पुलांसाठी नावाजलेल्या गॅमन कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या कामांत हे मोडतं. वरच्या बांधकामातही दगडाच्या जोडीला आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट आहे. दगड दाबाखाली कितीही भार सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. अर्धगोल घुमटाचा वरचा भाग दाबाखाली असतो. खालचा घेर बाहेर फाकू पाहतो, म्हणजे तिथे ताण येतो. जुने गवंडी त्यावर उपाय म्हणून भिंती जाड करत. विसाव्या शतकात ते काम सळईकडे गेलं. गेटवेला सरसकट प्राचीन वास्तूंच्या रांगेत बसवतात, ते मला पटत नाही. जुना पेहराव केलेली ती काँक्रीटच्या जमान्यातली इमारत आहे.

आणि समुद्राला तिची तीच नस सापडते. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरून वाळलं की मिठाचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभागाचे पोपडे निघतात, पण ते सावकाश. काँक्रीटचं दुखणं आतलं. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. मिठातलं क्लोराइड आत पोहोचलं की तो थर फाटतो आणि गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे काँक्रीट आतूनच तडकतं. भेगेतून पुन्हा पाणी, पुन्हा गंज.

2023 साली केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं, की पाहणीत गेटवेच्या पृष्ठभागावर काही भेगा दिसल्या, जागोजागी झाडं उगवलेली होती, आणि घुमटाचं वॉटरप्रूफिंग व सिमेंट काँक्रीट खराब झालेलं होतं. यादीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वॉटरप्रूफिंग, कारण मुंबईचा पाऊस चार महिने थेट घुमटावर कोसळतो. झाडांचं म्हणाल तर वरवर छाटून भागत नाही, पिंपळाचं मूळ सांध्यात राहिलं की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतं. मूळ काढल्यावर ती फट कडक सिमेंटनं लिंपण्याचा मोह होतो. पण सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि मीठ मग दगडालाच खातं. चुन्याचा मसाला दगडापेक्षा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो. झिजला तर तोच झिजतो, आणि तो खरवडून पुन्हा भरता येतो.