पार्श्वभूमी: ड्रोनला परवानगी आधी की ओळख?

मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झा दुकानाने लोअर परळहून वरळीच्या एका उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचवून पाहिला. पोलिसांनी लगेच विचारणा केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमान वाहतूक नियामकाने नियम तयार होईपर्यंत नागरी ड्रोन उडवायलाच मनाई केली. ती मनाई चार वर्षं कागदावर राहिली आणि त्याच काळात लग्नाच्या लॉनवर ड्रोनचं शूटिंग नेहमीचं झालं.

पहिले सविस्तर नियम १ डिसेंबर २०१८ला लागू झाले. त्यांच्या गाभ्याशी होतं 'एनपीएनटी', म्हणजे परवानगी नाही तर उड्डाण नाही. परवानगी आणि ओळख यांतला आज जो घोळ दिसतो त्याची सुरुवात याच शब्दापासून होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कल्पना अशी होती की उडवणाऱ्याने सरकारी पोर्टलवर जागा आणि वेळ टाकायची, मंजुरी मिळाली की डिजिटल सही असलेली फाइल ड्रोनमध्ये उतरवायची. ती नसेल तर मोटरच सुरू होणार नाही. उड्डाणाची नोंद ड्रोनमध्येच राहणार आणि नंतर पोर्टलवर चढवायची.

चर्चेत मात्र परवानगी आणि ओळख, म्हणजे हवेत काय आणि कोणाचं उडतंय हे इतरांना कळणं, या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या. एनपीएनटी आज्ञा पाळणाऱ्या यंत्राला अडवते. परदेशातून आलेल्या, ही सोयच नसलेल्या ड्रोनवर तिचा काही इलाज नाही. आणि हवेत आत्ता काय उडतंय, हे जवळून जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ती सांगत नाही. वैमानिक डोळ्यांनी पाहून बाजूला होतो, या गृहीतावर खालच्या उंचीवरची सगळी वाहतूक चालत आलेली आहे. दोन किलोचं ड्रोन त्याला वेळेत दिसणं जवळपास अशक्य. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या १९४४च्या शिकागो करारातही वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांसाठी वेगळं कलम आहे, पण तेही खास परवानगीपुरतंच.

२०२१ साली एकाच वर्षात दोन नियमावल्या आल्या. मार्चमधल्या नियमावलीत २५ अर्ज आणि ७२ प्रकारची शुल्कं होती. जूनच्या अखेरीस जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. तरीही ऑगस्टमध्ये आलेली नियमावली सैल होती: ५ अर्ज, ४ शुल्कं, आणि विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच उडवायचं तो भाग, ४५ किलोमीटरवरून १२वर. उद्योगाला मोकळा श्वास हवा होता, तो मिळाला आणि तो योग्यच होता. पण याच नियमावलीत एनपीएनटी, ड्रोन कुठे आहे ते सतत कळवणारा बीकन आणि जिओफेन्सिंग (ड्रोनला ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारी सोय) या तिन्ही गोष्टी 'पुढे अधिसूचित करू' म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. अर्ज कमी करायला हवेच होते. बीकन पुढे ढकलणं ही माझ्या मते चूक होती.

हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. माणूस बसलेली विमानं मोकळ्या भागात साधारण ५०० फुटांच्या खाली उतरत नाहीत, तेव्हा मधले १०० फूट ही सुरक्षेची फट. नकाशावर ती पुरेशी दिसते. निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा ते हीच फट ओलांडून खाली येतं, आणि शेजारच्या उसावर फवारणीचं ड्रोन फिरत असू शकतं. दोघांनाही एकमेकांची खबर नसते.

अमेरिकेने मधल्या काळात दुसरी वाट धरली. तिथे नोंदणीची गरज असलेल्या ड्रोनने आपला क्रमांक, जागा आणि उडवणाऱ्याचं ठिकाण रेडिओवरून सतत सांगत राहायचं. मार्च २०२४पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री दिवे लुकलुकताना दिसू लागले. चोर टेहळणी करतायत अशी धास्ती पसरली, लोक रात्र-रात्र जागे राहिले. ते ड्रोन कोणाचे, हे खाली अंगणात उभ्या माणसाला कळायचा काही मार्ग नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला. त्यात नोंदणी, विमा आणि शिक्षेच्या तरतुदी आहेत.