मागून येणारा ट्रक आधी कानाला कळतो

धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला दुचाकीवर निघालं की समोरचं सगळं डोळ्यांना दिसतं, पण केळीचे ट्रक, ट्रॅव्हल्स आणि भरधाव जीपगाड्या येतात मागून. आरशात मागच्या रस्त्याचा एक तुकडाच दिसतो, तोही पाहिला तर. आरसे काढून ठेवलेल्या गाड्याही या भागात कमी नाहीत. मागचं सतत टिपत राहतात ते कान. त्यामुळे कानात घालायचे बिनवायरचे ब्लूटूथ बड्स घातले की हात मोकळे राहतात, एवढ्यावर समाधान मानणं चुकीचं आहे.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. उजवीकडचा हॉर्न उजव्या कानात आधी पोहोचतो, डाव्या कानात जरा उशिरा. हा फरक जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास असतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तीक्ष्ण आवाज थोडा कमी ऐकू येतो. आवाज पुढचा की मागचा, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या घड्या मदत करतात. ‘मी एकाच कानात घालतो, दुसरा मोकळा असतो,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हॉर्न ऐकू येतो, पण तुलनेला दुसरा कान नसल्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे नीट कळत नाही. ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकच्या बाजूलाच गाडी घेणं अशाने घडू शकतं.

दोन्ही कानांत सिलिकॉनच्या बोंडाचे बड्स घट्ट बसवले, तर बाहेरचा आवाज साधारण 15 ते 25 डेसिबलने घटतो. 20 डेसिबल घट म्हणजे उघड्या माळावर आवाजाचं अंतर दहापट झाल्यासारखं. शंभर मीटरवरचा हॉर्न कानाला एक किलोमीटरवरचा वाटतो. त्यावर गाणं चालू असेल तर उरलेला आवाजही त्यात बुडतो.

नॉइज कॅन्सलेशनचं, म्हणजे बाहेरचा आवाज पुसून टाकण्याच्या सोयीचं, प्रकरण याहून गंभीर आहे. बड्सच्या बाहेरचा छोटा माइक आवाज टिपतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानात एकमेकींना मारतात. हे सावकाश हलणाऱ्या, जाड आवाजांना उत्तम जमतं. तीक्ष्ण आवाजाच्या लहरी इतक्या आखूड असतात की उलटी लहर वेळेत जुळत नाही. आता ट्रकचा हिशेब करा. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला 1,800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला 90. हा 90 हर्ट्‌झचा घरघराट हेल्मेटमधूनही आरपार येतो आणि हॉर्न वाजण्याआधीच मागे काहीतरी मोठं आहे हे सांगतो. नॉइज कॅन्सलेशन सर्वांत चांगलं पुसतं ते नेमकं हेच. तुम्ही ताशी 50 किलोमीटरने जाताय आणि ट्रक 80 ने येतोय, तर मधलं 50 मीटर अंतर तो सहा सेकंदांत कापतो. ही सहा सेकंदं हातची जातात.

‘ट्रान्सपरन्सी’ किंवा ‘अ‍ॅम्बियंट’ मोडमध्ये माइक बाहेरचा आवाज आत सोडतो. पायी चालताना त्याचा उपयोग होतो. दुचाकीवर वारा थेट माइकच्या भोकावर आदळतो आणि कानात नुसती फडफड येते, म्हणून माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित आहे, 90 डेसिबल मात्र फक्त चार तास. रोज भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्याने वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवला, तर हे चार तास आठवडा संपण्याआधीच भरतात. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. लोक विचारतात मात्र रेडिएशनबद्दल. बड्सची ब्लूटूथ शक्ती साधारण काही मिलिवॉट असते, कानाला लावलेला 4जी फोन कमाल 200 मिलिवॉटपर्यंत जातो. काळजी करायचीच तर आवाजाची करा.

आता लक्षाबद्दल. कॅनडात रेडलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी 1997 मध्ये अपघातात सापडलेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून सुटका मिळाल्याचं दिसलं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात 2008 मध्ये सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांना नुसती वाक्यं ऐकायला लावली, तेव्हा मेंदूच्या अवकाशाचं भान ठेवणाऱ्या भागातली हालचाल 37 टक्क्यांनी घटली. शेजारी बसलेला माणूस समोर बैलगाडी आली की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ती दिसत नाही, तो कापसाचा भाव विचारतच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनसाठी पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तिथे कायदा हाताबद्दल बोलतो. मेंदू मात्र बड्सवरच्या बोलण्यातही तेवढाच गुंततो.

त्यात फोन आला की आवाजाचा दर्जाही पडतो. माइक चालू करायला बड्स गाण्याचा मार्ग सोडून बोलण्याच्या मार्गावर येतात, आणि जुन्या जोड्यांमध्ये आवाजाचे सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेतले जातात. त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे 4,000 हर्ट्‌झच्या वरचं सगळं गळतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ सारखेच वाटू लागतात. ‘काय म्हणालास?’ असं पुन्हा पुन्हा विचारण्यात आणखी लक्ष खर्च होतं. खुल्या रस्त्यावर आवाज तुटतोही जास्त. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. घरात त्या भिंतींवर आपटून वळसा घालून पोहोचतात, माळावर भिंतच नसते. फोन पँटच्या डाव्या मागच्या खिशात आणि फोनशी थेट जोडलेला मुख्य बड उजव्या कानात, ही सर्वांत वाईट जोडी. फोन छातीच्या खिशात ठेवला की तुटणं बरंच कमी होतं. चालत्या गाडीवर कानाशी चाळा करत बसावं लागत नाही.

रस्ता विचारण्यापुरता आवाज हवा असेल, तर निघण्याआधी नकाशात ठिकाण टाका आणि दुचाकीवर हेल्मेटमधले स्पीकर वापरा. ते कानाच्या भोकात जात नाहीत, अस्तराखालच्या खोबणीत कानासमोर बसतात. थर्माकोल कोरून जागा करू नका, धक्का तोच झेलतो. गाणी बंद, फक्त सूचना, आणि शेजारच्या माणसाची हाक ऐकू येईल इतकाच आवाज. कारमध्ये बड्स नकोतच, गाडीचा स्पीकर पुरे. फोन एकाच वेळी बड्स आणि गाडी दोन्हींना जोडला जातो आणि कॉल डबीतून बाहेर काढलेल्या बड्समध्ये निघून जातो. मग चालक खाली बघत बटणं दाबतो. अँड्रॉइड फोन असेल तर निघण्याआधी ब्लूटूथच्या यादीत जाऊन बड्सचं ‘फोन कॉल’ बंद करा.

कॉल येऊच नयेत यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यातलं ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा. अँड्रॉइडवर 15 मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तरच रिंग वाजते. घरी सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. मग थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात, महामार्गाच्या कडेला नाही.

मे महिन्यात बड्स स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. सावलीतच 45 अंश असताना उन्हातली डिक्की त्याहून बरीच तापते. बड्समधल्या लिथियम बॅटरीला 45 अंशांच्या वर चार्ज करणं मानवत नाही. पेटीत ठेवताक्षणी बड्स चार्ज होऊ लागतात आणि आयुष्य झपाट्याने उतरतं. घामाने ओल्या कानात तासन् तास बोंड राहिलं तर बुरशीही धरते. बोंडं काढून कोरड्या कापडाने पुसा.

पायी चालणाऱ्यांना रुळांचा धोका वेगळा सांगायला हवा. अमेरिकेत 2004 ते 2011 या काळातल्या हेडफोन घातलेल्या पादचाऱ्यांच्या 116 अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 55 टक्के घटनांत वाहन म्हणजे रेल्वे होती, आणि 29 टक्के नोंदींमध्ये धडकेआधी इशारा दिल्याचा उल्लेख होता. भुसावळ, पाचोरा, अमळनेर, नंदुरबार या पट्ट्यात रुळांच्या कडेने चालणं आणि जवळची वाट म्हणून रूळ ओलांडणं रोजचं आहे. विजेवरचं इंजिन डिझेलसारखं धडधडत येत नाही. ताशी 110 किलोमीटरची गाडी सेकंदाला 30 मीटर येते, म्हणजे 300 मीटरवर दिसली तर दहा सेकंद. फाटकाच्या पन्नास पावलं आधी दोन्ही बड्स काढून खिशात टाका. मागून ‘भाऊ, बाजूले सरक’ अशी हाक आली तरी ऐकू यायला हवी. आणि एक गाडी गेली म्हणून लगेच पाऊल टाकू नका. जाणाऱ्या गाडीच्या खडखडाटात दुसऱ्या लाइनवरची गाडी मोकळ्या कानालाही ऐकू येत नाही, तिथे दोन्ही बाजूंना बघावंच लागतं.